कुंताच्या त्रेचाळीस फायली

चिमूर, १२ नोव्हेंबर २००६

भूपेश,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच ठेवून देशील अशी भीती होती, म्हणून वरचा पत्ता तुझा दोस्त धनराज याच्या हातून लिहवून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. पुण्याचा तुझा पत्ताही त्यानेच दिला. त्याच्यावर चिडू नकोस. तीन दिवस मी त्याच्या मोबाइलच्या दुकानासमोर ठाण मांडून होतो. शेवटी गिऱ्हाइकं बिचकायला लागली तेव्हा म्हणाला, "घ्या काका, पण माहं नाव नका सांगू." ते मी सांगून टाकलं.

मी बरा आहे. स्टुडिओ सुरू आहे. दिवाळीपासून नुसते पासपोर्ट फोटो चालले आहेत. लाइटची छत्री तुझी माय धरायची, ती मी आता खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधली आहे. उजेड एकाच बाजूने पडतो आणि गिऱ्हाईक अर्धं काळं येतं. परवा भिसी गावचा एक म्हातारा विचारत होता, "कुंताबाई नाई दिसून राह्यल्या, भाऊ?" मी त्याला हनुवटी खाली घ्यायला सांगितलं. घरी भात अजून दोन माणसांचाच होतो. अंदाज चुकतो. सकाळी तोच फोडणी देऊन खातो.

तुझ्या मायच्या तेरवीबद्दल लिहायचं आहे. सगळ्या सोयऱ्यांसमोर तू भिंतीवरचा हार घातलेला फोटो उतरवलास आणि ओरडलास, "हे माही माय नाई! हे सीतामावशी आहे!" पंगत बसली होती. लहानूमामाच्या हातातला घास हातात राहिला.

तू म्हणालास ते खरं आहे. डोळे आणि नाक सीताचं होतं, लुगडं आणि कपाळ तुझ्या मायचं. सख्ख्या बहिणी, चेहरेपट्टी एक, मला वाटलं चालून जाईल. या तालुक्यात कितीतरी घरांत गेलेल्या लोकांचे माझ्या हातचे फोटो भिंतीवर लागले आहेत. लग्नाच्या ग्रुपमधून मुंडकं घ्यायचं, खांदे दुसऱ्याचे, कोट तिसऱ्याचा, मिटलेले डोळे ब्रशने उघडायचे. आजवर कोणाच्या पोराने तक्रार केली नाही. तू केलीस, कारण तू त्याच धंद्यातला आहेस.

पण मी करणार काय होतो? सत्तावीस वर्षं स्टुडिओ चालवणाऱ्याच्या घरात बायकोचा एक धड फोटो नाही. ती कायम कॅमेऱ्याच्या अलीकडे. लग्नातल्या फोटोत पदर नाकापर्यंत. मतदार ओळखपत्रावरच्या फोटोत ती आहे की मी, हेही सांगता येत नाही. राहता राहिले तू एप्रिलमध्ये काढलेले. नागपूरच्या फोटोग्राफीच्या कोर्सवरून नवा कॅमेरा घेऊन आठ दिवस आला होतास आणि मामाच्या गावच्या तलावावर तिचे फोटो काढलेस. पण ते सगळे उन्हाच्या विरुद्ध. पाणी सोन्यासारखं, आणि माय नुसती काळी आकृती. उजेड वाढवला की चेहऱ्याच्या जागी चिखलाचे चौकोन दिसतात.

तू तेरवीला विचारत होतास, त्यांच्या मोठ्या फायली कुठी आहेत. तेव्हा सांगितलं तेच पुन्हा सांगतो. कॉम्प्युटर बिघडला, चंद्रपूरच्या माणसाने येऊन सगळं साफ केलं, त्यात त्या गेल्या. त्यात माझा काय दोष?

सगळंच इतकं अचानक झालं. कावीळ झाली काय आणि पंधरा दिवसांत आटोपलं काय. कोणाला काही कळायच्या आत ती गेली. अशा वेळी माणूस फोटो तयार ठेवून बसत नाही.

पत्राचं उत्तर दे. दोन ओळी चालतील.

बाबा


चिमूर, ३ डिसेंबर २००६

भूपेश,

उत्तर आलं नाही. पोस्टमन रोज समोरून जातो आणि मी उगाच काच पुसत असतो.

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. चंद्रपूरहून कोणी आलं नव्हतं. फायली मी पुसल्या. तुला तेव्हाच संशय आला होता, तुझ्या तोंडावर दिसत होतं.

मे महिन्यात शंकरपूरचं लग्न आलं, मागोमाग आणखी दोन. कॉम्प्युटर म्हणाला जागा नाही. तू ठेवून गेलेला फोल्डर उघडला तर प्रत्येक फोटोच्या दोन-दोन फायली. एक लहान, तिच्या शेवटी ओळखीचं जेपीजी. दुसरी चौपट मोठी, शेवटची अक्षरं कधी न पाहिलेली. लहान फाईल टिचकी मारली की उघडायची. मोठी उघडेना. दोनदा, चारदा करून पाहिलं. मला वाटलं कॅमेऱ्याने काही गोंधळ घातला, नाहीतर नागपूरहून व्हायरस आला. उघडतो तो फोटो, न उघडतो तो कचरा, असा सरळ विचार केला. त्रेचाळीस फायली होत्या. आकडा लक्षात आहे, कारण पुसण्याआधी कॉम्प्युटरने विचारलं होतं, त्रेचाळीस नक्की पुसू का? मी हो म्हटलं. मग जागा खरंच मोकळी व्हावी म्हणून कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली.

तू जाताना म्हणाला होतास, "बाबा, हे राहू द्या. मी आलो की पाहीन." ते मी त्या लहान, जेपेग फायलींबद्दल समजलो आणि त्या ठेवल्या. आपण राखलं असंच मला वाटत होतं.

मी काय पुसलं ते मला कळलं गेल्या आठवड्यात. माजरीच्या कोळसा खाणीतले एक इंजिनिअर आहेत, अश्विन नावाचे. सुट्टीच्या दिवशी ताडोब्याच्या जंगलात वाघाचे फोटो काढतात. परतताना त्यांचं कार्ड भरलं होतं, म्हणून सीडी करायला आपल्या दुकानात आले. त्यांच्या कार्डातही प्रत्येक फोटोच्या दोन फायली. मी हुशारी केली. म्हटलं, "साहेब, हे मोठ्या काढून टाकू का? कचरा आहे हा. जागा वाचते."

ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "अरे भाऊ, काऊन? हेच तर खरं आहे! हे रॉ आहे. आपल्या रीळमधली निगेटिव्ह समजा. जेपेग म्हणजे नुसती प्रिंट."

मग त्यांनी समजावलं. कॅमेऱ्याच्या आत जेवढा उजेड शिरला तेवढा सगळा रॉमध्ये जसाच्या तसा राहतो. किती उजळ करायचं, कोणता रंग ठेवायचा, यातलं काहीच ठरलेलं नसतं. जेपेग करताना ते सगळं कॅमेरा स्वतःच ठरवून टाकतो, आणि फाईल लहान व्हावी म्हणून उरलेलं फेकून देतो. म्हणून जेपेग जगात कुठेही उघडतं. रॉ मात्र ज्या कंपनीचा कॅमेरा, तिच्याच प्रोग्रॅमने उघडायचं.

मी म्हटलं, "म्हणजे धान आणि तांदूळ."

ते हसले. "अगदी तसंच, भाऊ. तांदूळ कोणाच्याई चुलीवर शिजते. धानाले गिरणी लागते. पण किती पॉलिश करायचं ते आपल्या हातात राह्यते."

शिजत नाही म्हणून मी धान उकिरड्यावर टाकलं. आणि हे कोणी केलं, तर ज्याने १९७९ पासूनच्या गावभरच्या निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून जपल्या त्याने. तुला लहानपणी त्या डब्यांना हात लावला म्हणून मार बसला आहे. ज्यांची लग्नं मोडली त्यांच्याही निगेटिव्ह आहेत आपल्याकडे. फक्त तुझ्या मायच्या नाहीत.

अश्विन साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग विचारलं, "त्याच्यानंतर त्या डिस्कवर किती काम केलं?" मी म्हटलं, तीन लग्नं, एक साक्षगंध. ते म्हणाले, पुसलेली फाईल लगेच जात नाही, तिच्या जागेवर दुसरी बसली की जाते. कॉम्प्युटरची पेटी घेऊन माजरीला या, शोधून पाहू.

त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर सुरूच केलेला नाही. गिऱ्हाईक परत पाठवतो. मशीन बिघडली आहे म्हणतो.

बाबा


चिमूर, १४ जानेवारी २००७

भूपेश,

आज संक्रांत. शेजारून तीळगूळ आला. वाटीत काय घालून परत द्यायचं ते कळेना, शेवटी धुऊन तशीच दिली.

माजरीला जाऊन आलो. पेटी चादरीत गुंडाळली, वरून पोतं घातलं, आणि वरोऱ्यापर्यंत एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "लगेज आहे काय हे? खाली ठेवा." मी म्हटलं, खाली ठेवायचं नाही. "काय आहे यात असं?" मी म्हटलं, माझी बायको आहे. तो तिकिटं फाडत पुढे गेला. मी हे थट्टेने म्हटलं होतं.

माजरीत सगळीकडे काळी भुकटी, वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा. अश्विन साहेबांनी घराच्या खिडक्या बंद करून पेटी उघडली. सकाळी दहाला शोध सुरू केला तो चार वाजेपर्यंत चालला. पडद्यावर एक पट्टी असते, ती भरत जाते. मी तिच्यासमोर बसून होतो. त्यांची बायको रिनाबाई दोनदा म्हणाली, "भाऊ, जेवून घ्या, ते पट्टी तुमच्या पाहण्यानं नाई सरकत." मग जेवलो. वांग्याची भाजी होती. कोणीतरी वाढलेलं बऱ्याच महिन्यांनी खाल्लं.

आधी शंकरपूरची नवरी सापडली. मग वऱ्हाड, आहेर, पुन्हा नवरी. जिथे जिथे तुझी माय होती तिथे ती माणसं जेवत बसली होती. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस गेल्या. दोन सापडल्या. त्यातली एक निम्मीच उरली आहे, साहेब म्हणाले हिच्यात काही अर्थ नाही. दुसरी पूर्ण आहे. तारीख ९ एप्रिल, सकाळची सहा बत्तीस.

पण ती उघडत नाही. साहेबांचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा आहे. त्यांच्याकडचा प्रोग्रॅम त्यांचाच वाघ दाखवतो, आपल्या फाइलीला ओळखसुद्धा देत नाही. मी म्हटलं, उजेड तर एकच असतो, याचं कुलूप वेगळं कशाला? ते म्हणाले, "भाऊ, कंपन्याईचं असंच असते. प्रत्येकाले आपला कोठा अन् आपलं कुलूप पाह्यजे." त्यांनी इंटरनेटवरून प्रोग्रॅम उतरवायला लावला. दोनदा निम्म्यावर लाइन तुटली, तिसऱ्यांदा लाइटच गेली.

तर भूपेश, तुझ्या कॅमेऱ्याच्या खोक्यात एक सीडी आली असेल. तीच लागते. खोका तू नेलास. तेवढी पाठव. पत्र लिहायची गरज नाही, काही बोलायचीही नाही. सीडी परत हवी असेल तर मी रजिस्टरने परत करीन.

फोटो निघाला की मी तो मोठा करून आणीन. तू ये आणि तुझ्या हाताने भिंतीवर लाव. त्या जागी खिळा आहे, त्यावर मी काही लावलेलं नाही. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. मायचा खरा चेहरा मिळाला की तू घरी येशील, असं मी मनाशी धरून बसलो आहे. चूक असेल तर कळव.

आणि तू तेरवीला म्हणाला होतास, "मले दोन महिने अगोदर काऊन नाई सांगतलं?" त्याचं उत्तर राहिलं. सांगण्यासारखं नव्हतं काही. थकल्यासारखी दिसायची, पण लगनसराईत कोण थकत नाही?

बाबा


चिमूर, ९ फेब्रुवारी २००७

भूपेश,

सीडी सोमवारी मिळाली. पाकिटात पत्र असेल म्हणून आतून बाहेरून तपासलं, पाकीट कापून सपाट करून पाहिलं. नव्हतं. मीच नको म्हटलं होतं. पाकिटावर 'मनसाराम फोटो स्टुडिओ' असं लिहिलं आहेस. बाबा लिहिलं असतंस तर पोस्टमनला कळलं नसतं, तेव्हा ते बरोबरच आहे.

सीडीवर स्केच पेनने प्रोग्रॅमचा नंबर लिहिला आहेस तो तुझ्या हातचा. सात आकडा अजून तसाच काढतोस, पोटात रेघ मारून.

फाईल अजून उघडली नाही. इकडे लोडशेडिंग फार आहे. सकाळी चार तास, दुपारी पुन्हा. लाइट असते तेव्हा गिऱ्हाईक असतं.

हे काही खरं नाही. लाइट असते आणि गिऱ्हाईकही नसतं. चार दिवस झाले, सीडी काउंटरच्या खणात आहे. खण उघडतो, बघतो, बंद करतो. इतके महिने जिच्या मागे लागलो ती आता एका टिचकीवर आहे, आणि मला भीती वाटते. कशाची ते उघडल्यावर लिहीन.

बाबा


चिमूर, १८ फेब्रुवारी २००७

भूपेश,

फाईल उघडली. हे पत्र मोठं होणार आहे, आणि शेवटपर्यंत वाच एवढीच विनंती आहे.

सुरुवातीला तेच दिसलं, जेपेगमध्ये होतं ते. सोनेरी पाणी, डोंग्याची, मामाच्या होडीची, कड, मामाची पाठ, आणि काळी बाई. प्रोग्रॅममध्ये उजेडाची पट्टी आहे, ती मी बोटभर सरकवली. चिखल झाला नाही. काळ्यातून आधी लुगड्याची किनार आली, हिरवी. मग हात आला, जाळ्यातून बोटुकली, बोटाएवढे मासे, काढणारा. मग कान. अजून सरकवली तेव्हा ती आली.

तू कॅमेरा रोखला आहेस म्हणून ती वैतागली आहे. खालचा ओठ दाताखाली धरला आहे, डाव्या भुवईवरची खूण आहे, जी मी सीताच्या चेहऱ्यात घालायला विसरलो होतो. मला तिचा चेहरा आठवतो असं मी सगळ्यांना सांगत होतो. नव्हता आठवत. नाक माझ्या आठवणीपेक्षा बसकं आहे. मी खुर्चीतून उठून दुकानाचं शटर ओढलं आणि पोटभर रडलो. ती गेली तेव्हा लोक होते, तेव्हा जमलं नव्हतं.

इथवर लिहून थांबता आलं असतं. फोटो मोठा केला असता, तू आला असतास.

पण मी फोटोवाला आहे, माझा हात थांबत नाही. गळ्याजवळ पदराच्या आत अंधार राहिला होता, तोही उजळला. आत माळ आहे. मंगळसूत्राच्या मागे, दोऱ्यात ओवलेले मुळीचे बारीक तुकडे. कोणीही ओळखेल. काविळीची माळ आहे ती. आपल्याकडे वैदू डोक्यावर ठेवतो, कावीळ उतरत जाते तशी ती लांबत खाली येते म्हणतात. तिची अजून गळ्यापर्यंतच आली होती.

मला वाटलं सावली असेल. मग रंगाकडे गेलो. अश्विन साहेबांनी शिकवलं होतं, की रॉमध्ये सकाळचा पिवळा रंगसुद्धा कायमचा चिकटलेला नसतो. फोटोत जे पांढरं असायला पाहिजे त्यावर टिचकी मारायची, मग बाकीचं आपोआप सरळ होतं. मी मामाच्या अंगातल्या बंडीवर टिचकी मारली. पाण्यावरचं सोनं गेलं, बंडी पांढरी झाली, काठावरचा बगळा पांढरा झाला. तिचे डोळे पिवळेच राहिले.

९ एप्रिल. ती गेली २९ जूनला. मी तुला आणि सोयऱ्यांना सांगत आलो की पंधरा दिवसांत आटोपलं.

आता खरं लिहितो. गुढीपाडवा झाला त्या आठवड्यात तिने मला सांगितलं होतं. मी साक्षगंधाचा अल्बम चिकटवत होतो. ती म्हणाली, "मले जेवण जात नाई. डोळे पाहा बरं माहे, पिवळे दिसून राह्यले काय?"

मी वर पाहिलं नाही. म्हटलं, "लगनसराई निपटू दे. मग चंद्रपूरले नेतो तुले."

ती म्हणाली, "बरं."

एवढंच झालं. तिने पुन्हा विचारलं नाही आणि मी पुन्हा काढलं नाही. आमच्यात भांडण नव्हतं, राग नव्हता, काही नव्हतं. हातात डिंक होता. जूनमध्ये ती उभ्याउभ्या खाली बसली तेव्हा चंद्रपूरला नेलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले? मी म्हटलं, आठ-दहा. ती खाटेवरून माझ्याकडे पाहत होती. तिने मला खोटं पाडलं नाही.

तुझ्या मावशीला मी काल नेरीहून बोलावून घेतलं आणि फोटो दाखवला. सीता पडद्यापुढे बसली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "माळ दिसते ना तुमाले?"

मी म्हटलं, दिसते.

"मीच नेलं होतं तिले त्या वैदूकडे. लहानूच्या गावी. जाळं टाकाले जातो म्हणून निघाली होती ते त्याच्याचसाठी. मले म्हणे, तिकडे नको सांगू वं बाई, त्याईचा सीजन आहे. पोरगा आला आहे आठ दिवसांसाठी, त्याले बी नको सांगू. पदर घट्ट घेऊन बसली डोंग्यात."

मी तिला पाडव्याच्या आठवड्यातलं सगळं सांगितलं. अल्बम, डिंक, मी वर पाहिलं नाही ते. कोणाला तोंडाने सांगायची ही पहिलीच वेळ. सीता उठली. चहा ठेवला होता तो तिने घेतला नाही. जाताना दारात म्हणाली, "भाऊ, तिनं मले सांगतलं होतं तुमाले विचारलं म्हणून. मी वाट पाहून राह्यली होती, तुमी कधी बोलता ते."

म्हणजे तेरवीला जेव्हा तू फोटोतल्या तिच्या डोळ्यांवरून माझ्याशी भांडत होतास, तेव्हा ती सगळं माहीत असून पंगतीत वाढत होती.

आज सकाळी मी एक जेपेग केलं. रंग पुन्हा सकाळचा केला, सगळीकडे सोनेरी ऊन, डोळ्यांचा पिवळेपणा त्या उन्हात मिसळून गेला. गळ्यापाशी पुन्हा सावली ठेवली. चेहरा मात्र स्वच्छ. इतका सुंदर फोटो मी सत्तावीस वर्षांत कोणाचा केला नाही. तुझी माय त्यात नुकती तलावावरून येऊन आता चहा ठेवेल अशी दिसते. तो तुला पाठवला असता तर तुला काही कळलं नसतं, आणि तू घरी आला असतास, यावर माझा विश्वास आहे. तो तासभर पडद्यावर होता. मग पुसला.

सोबतच्या सीडीत फक्त मूळ फाईल आहे. मी तिच्यावर काही ठरवलेलं नाही. उजेड तसाच, रंग तसाच, तुझ्या कॅमेऱ्यातून निघाली तशी. एक प्रत अश्विन साहेबांकडे ठेवली आहे, एक पत्र्याच्या डब्यात. किती उजळायची, कोणता पिवळा ठेवायचा, ते तू ठरव. भिंतीवर काय लागावं तेही तू ठरव, मी त्याला हात लावणार नाही. हे वाचून तू कधीच आला नाहीस तर ते मला समजेल. येशील म्हणून खोटा फोटो पाठवणं मात्र आता माझ्याच्याने होत नाही.

एकच गोष्ट सांगायची राहते, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. पट्टी सरकवशील तेव्हा माळ दिसेल. डोळे दिसतील. तुला वाटेल, मी तर दहा हातांवर होतो, तिच्यावर कॅमेरा रोखून, आणि माझ्याही लक्षात आलं नाही. हे डोक्यात शिरलं की आयुष्यभर निघत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तू उन्हाच्या तोंडावर उभा होतास, ती अंधारात होती, आणि ती तुझ्यापासून लपवत होती. तुला दिसणं शक्यच नव्हतं. मी घरात होतो, दिवसाउजेडी, हातभर अंतरावर, आणि तिने मला माझे डोळे पाहा म्हटलं होतं.

बाबा